मुराळी हात हलवत आला

प्रिय अक्का,

काल संध्याकाळी तुझ्या बंदराच्या गावाहून नाशिकला परत आलो. अंगावरचा खारेपणा आंघोळीनं गेला, पण कानातला वारा काही जात नाही. आणि मी चिडलो आहे. बहिणीचं तेरावं जेवून आलेल्या माणसानं असं लिहू नये, पण चिडलो आहे. तुझ्या महेशवर चिडलो, तिथल्या वाऱ्यावर चिडलो, स्वतःवर चिडलो आणि सगळ्यांत जास्त तुझ्यावर!

लहानपणी मी असा धुमसत बसलो की तू माझी पाटी पुढे सरकवायचीस. "दिगू, आधी लिही, मग बोल. निम्मा राग पाटीवरच पुसला जातो." आता बोलायची सोय तू ठेवली नाहीस. म्हणून सगळाच्या सगळा लिहून काढतो.

मी पोचलो त्याच दिवशी महेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, शेवटचे चार दिवस आई एकच बोलत होती. 'ट्रंक भरलीय. मुराळी आला का?' आम्हाला वाटलं, वरच्या प्रवासाचं बोलतेय. मी आपलं म्हणायचो, येतोय हं, वाटेत आहे."

मुराळी! किती वर्षांनी हा शब्द कानावर आला. फोनवर नातीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे काय आजोबा?" म्हटलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला सासरहून माहेरी आणायला जातो तो भाऊ. ती म्हणाली, "ओके, म्हणजे पिकअप."

असू दे. पिकअप तर पिकअप. पण अक्का, तुझा मुराळी म्हणून मी उभ्या जन्मात एकदाच आलो. एकोणीस वर्षांचा होतो. आखाजीला तुला विंचूरला न्यायला आलो आणि तुला न घेता परत गेलो. आजवर मी स्वतःला बजावत आलो की तुलाच यायचं नव्हतं, तू तुझ्या समुद्रावर सुखात होतीस. मग ही ट्रंक कुठली? त्या दिवशी तुला माझ्याबरोबर यायचं होतं का? 'हो' की 'नाही', एवढंच उत्तर हवं होतं. आणि ते द्यायला तूच नाहीस!

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महेश गाडीची किल्ली फिरवत माझ्यापुढे उभा. "मामा, घरात बसून फोटोकडे बघत बसाल. चला, आज फुल साइटसीइंग."

"अरे, सुतकातून कालच उठलो आपण."

"आईच म्हणायची ना, दिगूमामाला समुद्राचं वेड आहे म्हणून. चला!"

तुझा लेक मनानं सोनं आहे, पण घराच्या मागच्या खोल्यांत पर्यटक ठेवायला लागल्यापासून त्याच्या तोंडात गाइडची टेप बसली आहे. गाडी सुरू झाल्याबरोबर तो सुरू. "आपल्या गावचे मेन पॉइंट चार. दीपगृह, धक्का, किल्ला आणि सुरूचं बन. हाफ डेमध्ये आरामात होतात."

चार पॉइंट! अक्का, तेच चार. त्याच क्रमानं तू मला त्या दिवशी फिरवलं होतंस. आठवतं तुला? तुझ्या सासूबाई सोप्यात सुपारी कातरत बसल्या होत्या आणि तू पदर डोक्यावरून घेऊन म्हणालीस, "माझा भाऊ पहिल्यांदा आलाय. त्याला जरा गाव दाखवून आणू का?" त्यांनी मान हलवली. लग्नाला चार वर्षं झाली होती तुझ्या, आणि तू पायात चपला अडकवल्यास त्या घाईनं, ज्या घाईनं शाळा सुटल्यावर अडकवायचीस.

मी तेव्हाच ती घाई ओळखायला नको होती का? पण मी कुठे जाग्यावर होतो! मी समुद्र बघायला निघालो होतो. आपल्या विंचूरला पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर पाटाचं. समुद्र मला माहीत होता तो फक्त चौथीच्या पुस्तकातल्या कवितेतून, आणि ती कविता मला पाठ करून घेतली होती तू. भाकरी थापता थापता. तुझी शाळा सातवीलाच सुटली होती, तरी पुस्तक तूच धरायचीस. कवितेत लाट आली की पीठ लागलेला हात वर करायचीस आणि मी पुढची ओळ म्हणायचो.

दीपगृहाशी पोचलो तर फाटकाला कुलूप. "चारला उघडतं," आतला माणूस म्हणाला. महेश म्हणाला, "नो प्रॉब्लेम मामा, शेवटी घेऊ." मी गाडीतच विचारलं, "महेश, ती ट्रंक म्हणत होती ती कुठली रे?" तो तोंड उघडणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोणाला तरी दोन एसी खोल्या हव्या होत्या, समुद्र दिसणाऱ्या.

धक्क्यावर उतरलो आणि वाऱ्यानं पहिला इंगा दाखवला. टोपी गेली! डोक्यावरून उडाली, दोन होड्यांवरून गेली आणि पाण्यात जाऊन कागदाच्या नावेसारखी डुलत बसली. मी बघतच राहिलो. टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी खदाखदा हसल्या. त्यांतली एक ओरडली, "आजोबा, घाटावरनं आलाव ना? हितं वारा पयला टोपी मागतो, मग बाकीचं!"

"बाकीचं म्हणजे काय?" मी ओरडलो.

"आं?" तिनं कानाला हात लावला.

"बाकीचं काय म्हटलं!"

"आयकाय येत नाय वो!" आणि पुन्हा हशा. तिथं उभं राहून कोणी कोणाला काही सांगूच शकत नाही, अक्का. तोंडातून शब्द निघतो आणि दुसऱ्याच्या कानापर्यंत जायच्या आधी पळवला जातो. महेश शेजारी उभा राहून मला बंदराचा इतिहास सांगत होता. मला फक्त त्याचे ओठ दिसत होते.

याच धक्क्यावर तू त्या लाँचवाल्याला विचारलं होतंस, "पहिली लाँच किती वाजता? आणि घाटाकडची पहिली गाडी?" मी तुझी चेष्टा केली होती. "आलो नाही तोच मला घालवायला निघालीस होय?" तू हसलीस. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसलीस.

बरं, किल्ल्याकडे जाणारी होडी तरी मिळावी? नाही! लाल बावटा लावलेला. होडीवाला तंबाखू मळत म्हणाला, "आज नाय. वारा बगताव ना?" मी म्हटलं, "अहो, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस नाशिकहून आलाय." तर म्हणतो, "म्हणूनच नाय!" महेशला हसू आवरेना. मला मात्र संताप आला. एवढ्या लांब येऊन किनाऱ्यावर उभं राहून किल्ल्याची तटबंदी बघायची! मला वर जायचं होतं, कारण तिथं एक दगडी पायरी आहे. त्या पायरीवर बसून तू मला विचारलं होतंस, "आईचा खोकला कसा आहे रे?"

मी काय उत्तर दिलं होतं, सांगू? मी म्हणालो, "बरा आहे." कारण समोर एक लाट खडकावर फुटत होती आणि मला ती कवितेतल्यासारखी वाटत होती.

अक्का, आईचा खोकला बरा नव्हता. मी निघताना आई दारापर्यंत आली ती भिंतीला धरून. शेवयांची आणि कुरडयांची टोपली माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "दिगू, सुमीला घिऊनच ये बरं. नुसता हात हालवत नको येऊ." हे मी तुला सांगितलंच नाही. टोपली दिली, निरोप दिला नाही. विसरलो म्हणू? की समुद्र दिसल्यावर आई लहान झाली म्हणू? काय म्हटलं तर ते बरं दिसेल, तूच सांग!

आणि तू तरी पुन्हा का विचारलं नाहीस? माझ्या तोंडाकडे बघून तुला सगळं कळायचं. पाढा चुकलो तर ओठ हलायच्या आधी ओळखायचीस. मग त्याच दिवशी माझ्या 'बरा आहे'वर विश्वास कसा ठेवलास?

पुढचा पॉइंट सुरूचं बन. तू मला नेलंस तेव्हा तिथं नुसती झाडं होती. आता तिथं माणसाएवढी इंग्रजी अक्षरं उभी केली आहेत आणि मध्ये लाल बदाम. महेशनं मला त्या बदामाशेजारी उभं केलं. "मामा, स्माइल!" डोक्यावर टोपी नाही, केस उभे, धोतराचा सोगा गुडघ्यावर गुंडाळलेला. मी म्हटलं, "महेश, पुरे कर. मला एवढंच सांग, तुझ्या आईनं कधी माझ्याविषयी तक्रार केली का?"

त्यानं फोन खाली घेतला. म्हणाला, "तक्रार? मामा, ती दर आखाजीला म्हणायची, आज दिगू जेवला असेल पोटभर आमरस. बस. इकडे आखाजी कोणाला माहीत पण नाही. आम्हाला ते आईचं काहीतरी वाटायचं."

दर आखाजीला! आणि मी फोन करायचो दिवाळीला.

सुरूच्या सावलीत महेशनं डबा उघडला. त्याच्या बायकोनं घावणे दिले होते. मी दोन घास खाल्ले आणि त्याला विचारलं, "तुझ्या आईच्या अस्थी कुठे सोडल्यास?" तो म्हणाला, "इथेच मामा, खाडीच्या तोंडाशी. तिनंच सांगितलं होतं, उगाच नाशिकपर्यंत धावाधाव करू नका." ऐकलंस का! देशभरातून माणसं रामकुंडावर अस्थी घेऊन येतात, आणि नाशिक जिल्ह्याची लेक खाऱ्या पाण्यात. का म्हणालीस असं? आमची धावाधाव वाचवायला? की 'इतकी वर्षं न्यायला आला नाहीत, आता कशाला' म्हणून? बघ, मेल्यावरही तू मला सरळ काही कळू देत नाहीस.

चारला पुन्हा दीपगृह. उघडं होतं! दिवसभरातली एकच गोष्ट जमली. महेश म्हणाला, "मामा, गोल जिना आहे, जमेल का?" मी कठड्याला धरून चढलो. तीनदा थांबलो. वर पोचलो तर वाऱ्यानं भिंतीशीच दाबून धरलं.

तिथं आलेले सगळे पश्चिमेला तोंड करून उभे. जो तो समुद्राचे फोटो काढतो आहे. आणि मला एकदम तू दिसलीस. त्या दिवशी तू तिथं समुद्राकडे पाठ करून उभी होतीस! दोन्ही हातांनी पदर धरून, पूर्वेला तोंड करून. मी मोठमोठ्यानं कविता म्हणत होतो, आणि मध्येच थांबून ओरडलो होतो, "अगं अक्के, समुद्र इकडे आहे!" तू वळलीस, काहीतरी बोललीस. मी म्हटलं, "काय?" तू पुन्हा बोललीस. मी पुन्हा, "काय?" मग तू हात हलवलास, जाऊ दे म्हणून. मी पुढचं कडवं घेतलं.

परवा मी तुझ्या जागी उभा राहिलो. समुद्राकडे पाठ केली. काय दिसतं तिथून? नारळांची डोकी, कौलं, आणि त्यांच्यामागे डोंगर. डोंगरावरून एक रस्ता वळणं घेत वर गेलेला. एक लाल एसटी चढत होती. घाटाच्या पलीकडे आपलं काहीच दिसत नाही, अक्का. पण रस्ता दिसतो.

शाळेत मला 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' या प्रश्नाला कधी मार्क कमी पडले नाहीत. कवी कोणत्या प्रसंगी कोणाला उद्देशून म्हणतो, सगळं धडाधड लिहायचो. आणि माझी बहीण भर उजेडात समुद्राकडे पाठ करून उभी, तर त्याचा अर्थ मला लागला नाही. लागायला चौऱ्याहत्तर वर्षांचं टाळकं आणि बंद ठेवलेली होडी लागली!

तरी मला खात्री नव्हती. मी स्वतःला समजावत होतो की दिगू, म्हाताऱ्या माणसाला सगळीकडे खुणा दिसतात. कदाचित तिला ऊन लागत असेल.

घरी आलो. तुझी धाकटी जाऊ, महेशची लीलाकाकू, पडवीत आमसुलं निवडत बसली होती. तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. मी शेजारी टेकलो आणि महेशला विचारायचं ते तिलाच विचारलं. "लीलावहिनी, अक्काची ट्रंक कुठली हो?"

ती हसली. खरंच हसली, अक्का! "ती होय? हिरवी पत्र्याची. तुम्ही न्यायला यायचे होतात ना, तेव्हा चार दिवस आधीपासून भरून ठेवलीन होती. खाटेखाली. मी नवीन आलेली घरात, मला दाखवलीन. म्हणाली, भाऊ आला की निघायचं."

ती बोटांनी आमसुलं चाचपत बोलत राहिली. "घरात बोलायची सोय नव्हती हो. सासूबाई सदा सोप्यात. आणि लेकीनं आपल्या तोंडानं 'मला माहेरी पाठवा' म्हणायचं नसतं. मुराळ्यानं विचारायचं, सासूनं हो म्हणायचं. म्हणून तर तुम्हाला गाव दाखवायला म्हणून बाहेर नेलीन. तुम्हाला वाटेत सांगायचं होतं तिला, की घरी गेल्यावर सासूबाईंना नीट विचार, आईचं बरं नाही असं सांग, मग नाही म्हणणार नाहीत."

"मग सांगितलं का नाही?"

"मी पण तेच विचारलं! रात्रीची भांडी घासताना. तर म्हणाली, सांगितलं गो, दोनदा सांगितलं. वाऱ्यात त्याला ऐकू आलं नाही." लीलावहिनीनं सुपाला एक टिचकी मारली. "आणि मग म्हणाली, इतका खूश होता, तिसऱ्यांदा सांगवेना."

वाऱ्यात ऐकू आलं नाही! अक्का, हे तू तुझ्या जावेला सांगितलंस? माझी अब्रू राखायला वाऱ्यावर आळ घेतलास? वारा होता, कबूल. पण वाऱ्याच्या वर माझा आवाज होता. मी कविता म्हणत होतो. तू शिकवलेली.

आणि मग संध्याकाळी जे झालं ते लीलावहिनीलाही आठवत होतं. तुझ्या सासूबाईंनी दारात मला विचारलं होतं, "मग पाव्हणे, न्यायला आलात की नुसते बघायला?" बघ, त्यांनी स्वतःहून वाट करून दिली होती. एवढंच म्हणायचं होतं की न्यायला आलो, आईनं सांगितलंय. आणि मी, शहाणा, काय म्हणालो? "एवढ्या सुंदर गावातून हिला आमच्या धुळीत कुठे नेऊ! राहू दे तिला इथंच. दिवाळीला येईन." सगळे हसले. सासूबाईंना तर मी फार आवडलो. तू आत होतीस. माझ्यासाठी आमसुलांची पुडी बांधत होतीस. बाहेर येऊन ती माझ्या पिशवीत घातलीस आणि म्हणालीस, "आईला सांग, सुमी मजेत आहे."

मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितला! आई म्हणाली, "हाय ना मजेत? मग बरं हाय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दिवाळी यायच्या आधी, श्रावणात, ती गेली. घाट बंद होता. तू पोचलीस दहाव्याला. मला एका शब्दानं बोलली नाहीस. मला वाटलं, बोलायचं काही नसेल म्हणून.

त्यानंतर दर वेळी तुझं पोस्टकार्ड. "मुराळी पाठवू नका, माझी मी येते." मी काय समजलो, माहीत आहे? माझी बहीण सुधारली!

का नाही बोललीस गं? एवढ्या वर्षांत एकदा? भांडायचं होतंस! लग्नाकार्याला आलीस की माझ्या पाठीत एक धपाटा घालून म्हणायचं होतंस, "तुझ्या त्या कवितेपायी माझी आई मला शेवटची दिसली नाही." मी रडलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं. तू फोनवर विचारायचीस, "अजून येतात का रे कविता पाठ?" आणि मी म्हणून दाखवायचो! तीच! आणि तू ऐकायचीस! तिकडे तू काय करत होतीस, रिसीव्हर कानाला लावून? कडवं संपल्यावर म्हणायचीस, "छान. आवाज अजून तसाच आहे."

हे तुझं चांगुलपण मला आता सहन होत नाही, अक्का. राग तरी टाकून जायचास मागे. माणसाला धरायला काहीतरी लागतं.

मी महेशला म्हटलं, ती ट्रंक मला पाहिजे. तो माळ्यावर चढला. आत पाहुण्यांच्या जुन्या चादरी होत्या, त्या त्यानं काढल्या. "मामा, गंजलीय हो. बिजागरी तुटलीय. काय करणार?" मी म्हटलं, "न्यायला आलोय." तो खाली उतरला. फडकं घेऊन आला आणि ट्रंक पुसायला बसला. पुसता पुसता म्हणाला, "म्हणजे मामा, मुराळी तुम्ही होतात?"

"हो रे. उशीर झाला."

"मी तिला म्हटलं होतं, वाटेत आहे." आणि मग तो रडला. तुझ्या जाण्यापासून मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघितलं. सकाळपासूनचा माझा त्याच्यावरचा राग तिथंच गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. किती वाजता असते, ते तू त्या दिवशी विचारून ठेवलंच होतंस! कंडक्टर ट्रंकेवर टिचकी मारून म्हणाला, "आजोबा, आत काय आहे?" म्हटलं, "काही नाही." "रिकामी? रिकामी ट्रंक घेऊन कोण फिरतं?" मागची एक बाई म्हणाली, "राहू द्या हो, असेल काही त्यांचं." मी ट्रंक पायाशी घेऊन बसलो. इगतपुरीला घाट चढून आलो तेव्हा खिडकीतून कोरडा वारा आला. आपला. मी उगाच ट्रंकेचं झाकण थोडं उघडून धरलं. हस, हसायचं तर.

घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, ही कुठे ठेवायची?" म्हटलं, देवघराशेजारी. मग मुलाला सांगितलं की यंदा आखाजीला आपल्याकडे आत्याच्या नावाची घागर भरायची. तो म्हणाला, "बाबा, पितरांची घागर ज्याच्या त्याच्या घरी भरतात. आत्याची महेशदादा भरेल. गेलेल्या लेकीची घागर माहेरी कोण भरतं?"

"महेशकडे आखाजी नसते."

"पण पद्धत..."

"पद्धत मला शिकवू नकोस," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो. "पद्धतीपायी ती विचारू शकली नाही, आणि पद्धत माहीत नसल्यामुळे मी विचारलं नाही. आता मी विचारतोय. घागर भरायची की नाही?"

तो सूनबाईकडे बघायला लागला. ती म्हणाली, "भरू की. एक घागर जास्त. त्यात काय!" नात म्हणाली, "आजोबा, झोका पण बांधू या का?" माहेरी आलेल्या लेकी आखाजीला झोका खेळतात, हे तिला कोणी सांगितलं, कोण जाणे.

तेव्हा अक्का, ऐक. आखाजीला अजून अवकाश आहे, पण मी आत्ताच वचन देतो, आणि या खेपेला कविता मध्ये आणणार नाही. कोरी मातीची घागर आणीन. तुझ्या नावानं पाणी भरीन, वर खरबूज ठेवीन, शेजारी आमरस आणि कुरडया. आईच्या घागरीला लागूनच तुझी घागर ठेवीन, अगदी काठाला काठ लावून. तिला तो निरोप मी त्या वर्षी चुकीचा दिला होता. सुमी मजेत नव्हती, सुमीला यायचं होतं. तो आता दुरुस्त करून देईन, तिच्यासमोर, मोठ्यानं.

आणि तिकडे तुला कोणी विचारलं, न्यायला आलेत का, तर माझं नाव सांग. मी विचारून आलो आहे. ट्रंक पुढे पाठवली आहे, तू फक्त नीघ.

तुझा उशिरा पोचलेला,
दिगू